ओट्याखालच्या साध्या एमडीएफच्या दारांना ओल सोसणारे कोणते आवरण द्यावे?

भुसावळकर (प्रश्न)

नमस्कार. भुसावळला आमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा २५ वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याखालच्या कडाप्प्याच्या कप्प्यांना आजवर कापडी पडदेच होते. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येण्याआधी तेथे दारे बसवावीत असे ठरले, म्हणून लाकडी चौकटी सुताराकडून बसवून घेतल्या. सागाची सोडाच, चांगल्या प्लायवूडची दारेही आमच्या खर्चात बसत नव्हती. शेवटी जळगावहून १८ मिलिमीटर जाडीच्या साध्या तपकिरी एमडीएफची (लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) १४ दारे मापाने कापून आणली. प्रत्येक दार १८ इंच रुंद आणि २८ इंच उंच असून ते चौकटीच्या आत बसते आणि चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर फट राहते. सध्या ही दारे कोरीच आहेत आणि माजघरात भिंतीला टेकवून उभी करून ठेवली आहेत.

आता त्यांना वरून काय लावावे यावर तीन माणसांची तीन मते आहेत. सुताराच्या मते ऑइल पेंटचे दोन हात पुरेसे आहेत. रंगाच्या दुकानदाराच्या मते पीयू (पॉलियुरेथेन) रंगावाचून गत्यंतर नाही. मेहुणे म्हणतात की सनमायका लावा आणि विषय संपवा. तिघेही आपापल्या जागी खात्रीने बोलतात, त्यामुळे माझा गोंधळ अधिकच वाढला आहे.

आमच्या स्वयंपाकघराची स्थितीही सांगतो, कारण निर्णय त्यावरच अवलंबून असावा. १४ पैकी २ दारे सिंकखाली आहेत आणि २ गॅसच्या शेगडीखाली. आमच्या आईला फरशी ओल्या फडक्याने पुसणे मान्य नाही. ती रोज पाणी टाकून फरशी धुते आणि खराट्याने पाणी मोरीकडे लोटते, त्यामुळे दारांच्या खालच्या कडेवर शिंतोडे उडणारच. पाणी बोअरचे आहे आणि ते सुकल्यावर पांढरे डाग राहतात. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत बैठकीच्या खोलीत कूलर चालतो आणि त्याची हवा स्वयंपाकघरातूनच मागच्या खिडकीने बाहेर जाते.

काम मी स्वतः रविवारी आणि संध्याकाळी करणार आहे. माझ्याकडे ब्रश आहे, फवारणीचे यंत्र नाही. घरात लहान मुले आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रंधा, जळगाव

भुसावळकर, तुमच्या तिन्ही सल्लागारांनी दाराच्या दर्शनी बाजूचाच विचार केलेला दिसतो. ३० वर्षे हे काम केल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो की एमडीएफचे दार समोरून क्वचितच खराब होते. ते खराब होते कडेने, आणि त्यातही खालच्या कडेने. या बोर्डात लाकडाचा बारीक तंतू चिकटद्रव्यासह दाबून बसवलेला असतो. वरखालचे पृष्ठ दाबामुळे घट्ट आणि गुळगुळीत झालेले असते, पण करवतीने कापलेली कड मधल्या सैल थराची असल्यामुळे टिपकागदासारखी पाणी पिते. एकदा फुगलेला तंतू वाळल्यावर पुन्हा पूर्वीच्या जाडीवर येत नाही. म्हणून आवरण कोणतेही निवडा, पण आधी कडांचा बंदोबस्त ठरवा आणि मग पृष्ठाकडे वळा.

माझे मत विचाराल तर तुमच्या परिस्थितीत लॅमिनेट, म्हणजे ज्याला आपण सगळेच सनमायका म्हणतो ते, सर्वांत कमी त्रासाचे ठरेल. हळद, तेल, बोअरच्या पाण्याचे डाग, कुकरची वाफ हे सारे ते वर्षानुवर्षे सोसते आणि घासणीचा हात लागला तरी लगेच निस्तेज होत नाही. पण ते दोन्ही बाजूंनी लावावे लागते, हे मेहुण्यांनी तुम्हाला सांगितले नसावे. समोर १ मिलिमीटरचे लॅमिनेट आणि मागे कोरा बोर्ड अशी स्थिती ठेवली, तर पावसाळ्यात मागची बाजू हवेतील ओल घेऊन पसरते, पुढची पसरू शकत नाही, आणि दार ताटासारखे वाकते. मागे स्वस्त, पातळ, पांढरे लायनर लॅमिनेट चालते. ते दिसायला साधे असले तरी दार सरळ ठेवण्याचे काम चोख करते.

आता हिशेब पाहू. लॅमिनेटचा ताव ८ फूट बाय ४ फुटांचा येतो. तुमच्या मापाचे तुकडे चारही बाजूंना थोडी वाढ ठेवून कापले, तर एकरंगी तावातून ८ तुकडे निघतात: ४ फुटांच्या रुंदीत २८ इंचांची एक पट्टी आणि १८ इंचांची दुसरी पट्टी घ्यायची, पहिलीतून ५ आणि दुसरीतून ३. म्हणजे १४ दारांच्या दर्शनी बाजूला २ ताव पुरतात आणि २ तुकडे शिल्लक राहतात. मात्र लाकडाच्या रेघांचे लॅमिनेट घेतले, तर सर्व तुकड्यांच्या रेघा उभ्याच यायला हव्यात. मग एका तावातून ६ च तुकडे निघतात आणि तुम्हाला ३ ताव लागतात. रेघांचा हौशी खर्च एक पूर्ण ताव आहे, हे दुकानात शिरण्यापूर्वीच ठरवून जा, कारण तिथे गेल्यावर घरातील मंडळींना हमखास रेघांचाच नमुना आवडतो.

कडेसाठी पीव्हीसीची पट्टी यंत्रावर लावून घ्या. एका दाराचा परीघ ९२ इंच, म्हणजे १४ दारांचा सुमारे १०७ फूट होतो. ११० फूट धरून चला. जळगावात कडेची पट्टी फुटाच्या भावाने लावून देणारे कारखाने आहेत आणि इस्त्रीने घरी चिकटवलेल्या पट्टीपेक्षा यंत्रावरची पट्टी कितीतरी अधिक टिकते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी दोन्ही बाजूंचे लॅमिनेट, नंतर कडेची पट्टी, म्हणजे लॅमिनेट आणि बोर्ड यांमधली सांधरेषा पट्टीखाली झाकली जाते. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट आल्यावर दाराची जाडी जवळपास २० मिलिमीटर होईल, म्हणून पट्टी २२ मिलिमीटर रुंदीची सांगा.

तुमची दारे चौकटीच्या आत बसणारी आहेत, हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. पट्टी ०.८ मिलिमीटर जाडीची घेतली तर दाराची रुंदी दोन्ही कडा मिळून १.६ मिलिमीटरने वाढेल आणि प्रत्येक बाजूची फट ३ वरून २.२ मिलिमीटरवर येईल, ते चालते. पण "जाड पट्टी अधिक मजबूत" असे म्हणून २ मिलिमीटरची घेतली, तर फट अवघी १ मिलिमीटर राहील आणि श्रावणात चौकटीचे लाकूड फुगले की दारे अडकू लागतील. जाड पट्टी हवीच असेल तर दारे आधी तेवढी कापून कमी करावी लागतील.

बिजागरीच्या कटोरीसाठी ३५ मिलिमीटरचे भोक पाडाल, तेव्हा आतला कोरा बोर्ड पुन्हा उघडा पडतो. या भोकाच्या तळाला आणि भिंतीला, तसेच स्क्रूच्या छिद्रांनाही लाकडाच्या सीलरचे (छिद्रे बुजवणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हात देऊन, ते पूर्ण वाळल्यावरच बिजागरी बसवा. सिंकखालच्या दारात ओल येण्याची ही दुसरी वाट आहे आणि ती कोणाच्याही नजरेस येत नाही.

धुळेकर रंगारी

रंधा यांनी कडेबद्दल लिहिलेले शब्दशः खरे आहे. तरीही मी लॅमिनेटच्या बाजूने इतक्या चटकन कौल देणार नाही. प्रश्नकर्ते काम घरी, स्वतःच्या हाताने करणार आहेत, आणि घरी लॅमिनेट चिकटवताना बहुतेक जण दोन्ही पृष्ठांना लावायचा पिवळा, लगेच पकडणारा चिकटद्रव वापरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात शेगडीजवळच्या दाराला आणखी झळ लागते, आणि असा चिकटद्रव उष्णतेने मऊ पडला की लॅमिनेटची कोपऱ्यातली कड उचलली जाते. उचललेल्या कडेत पाणी शिरले की ते बाहेर पडायला जागा नसते. रंगाचा पापुद्रा निघाला तर तेवढाच भाग घासून पुन्हा हात देता येतो. लॅमिनेट करायचेच असेल, तर पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचा पांढरा गोंद वापरून, दारे एकावर एक रचून, वर भरपूर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवावीत. हे काम घाईचे नाही.

रंग लावायचा असेल, तर माझ्या अनुभवातील पद्धत अशी आहे. सर्वप्रथम कडा १८० नंबरच्या आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात. तीक्ष्ण कोपरा किंचित गोल करावा, कारण धारेवर रंगाचा थर नेहमी पातळ बसतो आणि तिथूनच तो प्रथम फुटतो. मग फक्त कडांना थिनरमध्ये पातळ केलेला लाकडाचा सीलर द्यावा. पहिला हात बोर्ड पिऊन टाकेल, काही लावले होते असे वाटणारही नाही. वाळल्यावर घासून दुसरा हात द्यावा, आणि खालच्या कडेला तिसराही. कड बोटाला काचेसारखी लागू लागली की मगच संपूर्ण दाराला अस्तर द्यावे. येथे एक चूक सर्रास होते: भिंतीसाठी आणलेली पांढरी पुट्टी उरलेली असते आणि ती कडेला थापली जाते. ती पाण्यात कालवलेली असल्यामुळे बोर्ड लावतानाच फुगतो, आणि पुढे ती पुट्टी ठिसूळ होऊन पोपड्यासारखी गळते. पूर्वी आम्ही खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून त्याची लांबी (खड्डे बुजवण्याचा लगदा) भरत असू. ती लाकडाच्या खिळ्यांच्या खड्ड्यांना उत्तम आहे, पण एमडीएफच्या संपूर्ण कडेसाठी तिचा आग्रह मी धरणार नाही.

अस्तरही पहिल्या हाताला पाण्यात मिसळणारे घेऊ नये, कारण पाण्याने पृष्ठावरचे तंतू उभे राहतात आणि दार खरखरीत होते. तेलातले किंवा थिनरमधले अस्तर घ्यावे, ते २२० आणि मग ३२० नंबरने घासावे, धूळ कोरड्या फडक्याने पुसावी आणि मग रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. दोन्ही बाजू धरून तुमचे क्षेत्र ९८ चौरस फूट होते. कडा मिळवल्या तर सुमारे १०५. म्हणजे एका हाताला साधारण एक लिटर रंग धरावा.

आता ऑइल पेंट की पीयू, हा प्रश्न. ऑइल पेंट हवेतील प्राणवायूने हळूहळू कठीण होतो. हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असे नव्हे. त्यास पुरता कठीणपणा यायला आठवडे लागतात आणि तोवर दार चौकटीला चिकटणे, बोटाचे ठसे उमटणे असे प्रकार होतात. पांढरा घेतला तर अंधाऱ्या, वाफेच्या जागी तो वर्षा-दोन वर्षांत पिवळट होतो, तेव्हा बदामी, राखाडी किंवा गडद हिरवा घ्यावा. दोन डब्यांचा पीयू मात्र हार्डनरमुळे रासायनिक रीतीने कठीण होतो. पाणी, तेल, उष्णता यांना तो ऑइल पेंटपेक्षा निःसंशय सरस आहे. पण दुकानदाराने तुम्हाला त्याची दुसरी बाजू सांगितली नसावी. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात, ती श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि कापडी रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क त्यावर उपयोगी नाही. घरात लहान मुले असताना माजघरात हे काम करू नये. शिवाय कालवलेला पीयू काही तासांतच डब्यात घट्ट होतो आणि ब्रशने त्याचे ओरखडे राहतात. पीयूच हवा असेल तर दारे रंगकाम करणाऱ्या कारखान्यात फवारून घ्या आणि आधी कडा स्वतः सील करून द्या, कारण तिथे कडेला कोणी तीन हात देत बसत नाही.

डुको या झटपट वाळणाऱ्या चकचकीत रंगाबद्दल कोणी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. तो झटपट वाळतो आणि चकाकतो, पण दमट हवेत लावला तर त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो, आणि सिंकखाली तो पीयूइतका टिकत नाही. लाखेचे पॉलिश तर स्वयंपाकघरात आणूच नये; गरम भांड्याने आणि पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात आणि धुण्याच्या सोड्याने तर ते विरघळते.

पाटा-वरवंटा, शहादा

मी सुतार नाही आणि रंगारीही नाही; सहा वर्षे अशाच दारांसमोर उभी राहून स्वयंपाक करते, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे सर्व दारे एकाच प्रकारे रंगवली होती आणि आज १२ पैकी ९ दारे अगदी व्यवस्थित आहेत. जी ३ गेली, त्यांत सिंकखालची दोन आहेत आणि तिसरे शेगडीच्या शेजारचे, जेथे पोळपाट-लाटणे धुऊन ओलेच टांगले जात होते. माझ्या मते सर्व १४ दारांसाठी एकच उत्तर शोधण्याची आवश्यकता नाही. सिंकखालची दोन दारे एमडीएफची ठेवूच नका. ती डब्ल्यूपीसी (लाकूड आणि प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) बोर्डाची किंवा आयएस ७१० चे (पाणी सोसणाऱ्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचे) चिन्ह असलेल्या प्लायवूडची करून घ्या आणि रंग किंवा लॅमिनेट बाकीच्यांसारखेच लावा, म्हणजे फरक दिसणार नाही. आम्ही बदललेली दोन दारे अशीच केली. दोन दारांना अर्धा ताव पुरेसा होतो आणि बाकीच्या १२ दारांचे नियोजन तसेच राहते. त्यामुळे उरलेली दोन एमडीएफची दारे रंगाच्या चाचणीला उपयोगी पडतील.

कूलरबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. आपला उन्हाळा कोरडा असला तरी कूलर असलेले घर कोरडे राहत नाही. तो पाणी उडवूनच हवा गार करतो. मागची खिडकी बंद राहिली की ती ओली हवा कप्प्यांतच कोंडते. आमच्या घरी पावसाळ्यापेक्षा मे महिन्यात पीठ आणि मीठ अधिक लवकर ओलसर होते. दारांना वरच्या बाजूला हवेसाठी जाळी किंवा निदान दोन बोटांची फट ठेवा आणि कूलर चालू असताना मागची खिडकी उघडी ठेवा.

राहिला आईंचा फरशी धुण्याचा प्रश्न. त्यांना त्यापासून परावृत्त करण्याच्या भानगडीत पडू नका, ते होणार नाही. त्याऐवजी दारे जमिनीपासून निदान चार बोटे वर राहतील असे पाहा आणि खालच्या जागेत फरशीचीच उभी पट्टी लावून घ्या. आमच्या घरी हे काम दारे बसल्यानंतर सुचले आणि मग चौकट पुन्हा काढावी लागली.

तापीकाठ, चोपडा

येथे कोणी जवसाच्या तेलाचा विचार केला आहे का? आमच्या आजोबांनी सागाच्या कपाटाला दर दिवाळीला जवसाचे तेल चोळले आणि ते कपाट आजही उत्तम आहे. स्वस्त आहे, मुलांना त्रास नाही, आणि ब्रशही लागत नाही.

धुळेकर रंगारी

तापीकाठ, आजोबांचे कपाट सागाचे होते, आणि सागात मुळातच तेल असते. तेथे श्रेय लाकडाला अधिक आहे. जवसाचे तेल पृष्ठावर जाड थर तयार करत नाही, त्यामुळे द्रव पाणी ते फार काळ अडवू शकत नाही, आणि एमडीएफची कड तेल पिऊनही पुढे पाणी पितच राहते. ज्यांना घन लाकडासाठी ते वापरायचे आहे, त्यांनी एक गोष्ट मात्र अवश्य पाळावी: तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका अधिकच आहे. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

भुसावळकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी मी कापताना उरलेले एमडीएफचे तीन तुकडे घेतले. पहिला कोरा ठेवला, दुसऱ्याच्या कडांना सुताराच्या सांगण्याप्रमाणे ऑइल पेंटचे दोन हात दिले, आणि तिसऱ्याला धुळेकर यांनी सांगितल्याप्रमाणे आधी सीलरचे तीन हात देऊन मग रंग दिला. रंग आठवडाभर वाळू दिला आणि काल तिघांनाही एका परातीत दोन बोटे पाण्यात २४ तास उभे केले. कोरा तुकडा बुडालेल्या भागात उघड्या डोळ्यांना दिसेल इतका फुगला. दुसऱ्यावर फुगवटा बोटाला जाणवतो आणि रंगाला बारीक भेगा गेल्या आहेत. तिसऱ्यात मला काहीच फरक सापडला नाही. सुताराला तिन्ही तुकडे दाखवले. ते म्हणाले की दारे काही परातीत उभी राहणार नाहीत, पण त्यानंतर त्यांनी सीलरचे नाव लिहून घेतले.

सिंकखालची दोन दारे ७१० च्या प्लायवूडची करायचे नक्की केले आहे. जळगावच्या दुकानात हिरव्या रंगाचा, ओल सोसणारा एमडीएफ असल्याचेही सांगितले गेले, पण तो बदलून घेण्याची वेळ आता निघून गेली. उरलेल्या १२ दारांसाठी माझा कल लॅमिनेटकडे झुकतो आहे, कारण घरात हळद-तेलाचे काम फार आहे. एकच शंका राहिली: खर्च वाचवण्यासाठी समोर लॅमिनेट आणि मागे फक्त ऑइल पेंट असे केले तर चालेल का?

रंधा, जळगाव

चालणार नाही, असेच सांगेन. ऑइल पेंटचा पातळ थर हवेतील ओल पूर्णपणे अडवत नाही, ती फक्त सावकाश आत जाते. समोरचे लॅमिनेट मात्र तिला जवळजवळ थारा देत नाही. दोन बाजूंना ओलीचा वेग निराळा राहिला की दार वाकते, आणि २८ इंच उंचीच्या दाराला थोडासा बाकही चौकटीत लगेच दिसतो. लॅमिनेट असेल तर दोन्ही बाजूंना लॅमिनेट, रंग असेल तर दोन्ही बाजूंना रंगाचे तितकेच हात. पैसे वाचवायचेच असतील तर दर्शनी लॅमिनेट एकरंगी घेऊन वाचवा. समोरच्या दोन तावांतून १६ तुकडे निघतात, म्हणजे प्लायवूडची दोन दारे धरूनही पुरतात. तेव्हा प्लायवूडलाही त्याच तावातले तुकडे लावा, निराळ्या गठ्ठ्यातील तावाची छटा किंचित वेगळी येऊ शकते.

हिरव्या एमडीएफची हळहळ करू नका. त्यातले चिकटद्रव्य ओलीला अधिक टिकणारे असते हे खरे, पण हिरवा रंग ही केवळ ओळखीची खूण आहे. रंगानेच पाणी अडत नाही आणि त्याचीही कड सीलबंद करावीच लागते. हाच घोळ प्लायवूडमध्येही होतो. एमआर असे छापलेले, आयएस ३०३ चे प्लायवूड लोक पाण्याला चालेल म्हणून नेतात, पण त्या अक्षरांचा अर्थ दमट हवा सोसणारे एवढाच आहे. ७१० च्या प्लायवूडच्या नमुन्याला उकळत्या पाण्यात ७२ तासांची परीक्षा असते. दुकानातून नेताना चिन्ह आणि अंक तावावरच छापलेले पाहा, केवळ पावतीवर लिहून घेऊ नका. आणि प्लायवूड घेतले म्हणून त्याची कड उघडी सोडू नका.

पाटा-वरवंटा, शहादा

भुसावळकर, आखाजीपर्यंत सर्व दारे बसतील का, हे आधी पाहा. खापरावरचे मांडे करायचे असतील, तर त्या दोन दिवसांत ओट्याजवळ वाफ, पुरणाचे हात आणि सांडलेले पाणी यांचा इतका राबता असतो की नुकत्याच चिकटवलेल्या दारांची परीक्षा नको. वेळ कमी पडत असेल तर यंदा सिंकखालची दोन दारे बसवा आणि उर्वरित कप्प्यांना पडदेच राहू द्या. बहिणींना त्या पडद्यांची सवय आहेच.

भुसावळकर

आईंनीही नेमके हेच सांगितले. आज कडेच्या पट्टीसाठी काही दारे जळगावला पाठवण्याऐवजी आधी सर्व १२ दारांचे लॅमिनेट घरी दाबून घेतो आणि मग एकदमच पाठवतो. वजनासाठी शेजाऱ्यांकडून गव्हाची चार पोती मागितली आहेत. ३५ मिलिमीटरच्या भोकांना सीलर देऊन झाल्यावर छायाचित्रे टाकीन.